स्कीमचा एसटीपी, ले-आऊटचा सेप्टिक टँक आणि नागनदी: नागपूरकरांसाठी कामाची माहिती

रविवारी अंभोऱ्याला गेलं की वैनगंगा-कन्हानसह पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ आणि नवा केबलचा पूल पाहायला नागपूरची गर्दी असते. त्यातल्या बहुतेकांच्या घरचं पाणी त्यांच्या आधीच तिथे पोचलेलं असतं. अंबाझरीच्या सांडव्याकडून शहर ओलांडत येणारी नागनदी आणि गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी शहराच्या पूर्वेला एकत्र येतात. पुढे हे पाणी कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसेखुर्दच्या जलाशयात जातं. धरणाखालची वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आपल्याला समुद्र नाही म्हणून आपलं सांडपाणी समुद्राला जात नाही, असं काही नसतं.

शहराची बाजूही सांगायला हवी. भांडेवाडीला १३० आणि २०० एमएलडीचे, म्हणजे दिवसाला १३ कोटी आणि २० कोटी लिटर क्षमतेचे प्रकल्प आहेत. त्यांचं शुद्ध केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांसाठी घेतलं जातं. सांडपाणी विकणारं शहर म्हणून नागपूरचं नाव देशात घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून, जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाच्या मदतीने नागनदीचा सुमारे १,९०० कोटींचा प्रकल्पही मंजूर झालेला आहे. पण प्रकल्प केवढाही मोठा असला तरी जे पाणी त्याच्यापर्यंत पोचतं तेच तो शुद्ध करतो. गडर लाइनऐवजी पावसाच्या नालीला जोडलेलं चेंबर, कधीच न उपसलेला सेप्टिक टँक आणि वीजबिल वाचवायला रात्री बंद ठेवलेला स्कीमचा, म्हणजे फ्लॅटच्या संकुलाचा, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) या तीन वाटांनी निसटलेलं पाणी भांडेवाडीच्या हिशेबात येतच नाही. हा लेख त्या तीन वाटांबद्दल आहे. सगळ्यात जास्त जागा एसटीपीला दिली आहे, कारण वर्धा रोडपासून कोराडी रोडपर्यंत नव्या स्कीम उभ्या राहिल्या, बिल्डरने एसटीपी बांधून किल्ल्या दिल्या, आणि तो चालवायचा कसा हे कमिटीला कुणी सांगितलंच नाही.

आधी आपलं पाणी जातं कुठे ते शोधा

घरातल्या कुणाला विचारू नका, सगळे "गडरमध्ये" म्हणतील. बाथरूम, संडास आणि किचन या तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या वेळी खाण्याचा गडद रंग पाण्यात कालवून ओता, वर दोन बादल्या पाणी सोडा आणि कंपाउंडमधली चेंबरं एकामागून एक उघडून बघा. झाकण उघडलं की तोंड लांब ठेवा, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका आणि आत वाकू नका. रंग शेवटी रस्त्याच्या मधल्या मॅनहोलमध्ये दिसला तर तुम्ही गडर लाइनवर आहात. रस्त्याच्या कडेच्या नालीत दिसला तर तुमचं पाणी सरळ नदीत चाललं आहे. कुठेच दिसला नाही तर एकतर सेप्टिक टँक आहे किंवा वाटेत पाइप फुटला आहे.

मे महिन्यात आणखी सोपी खूण मिळते. पावसाळी नालीत त्या दिवसांत वाहायला काहीच नको. ४५ अंशाच्या उन्हात सकाळी आठ वाजता ती वाहताना दिसली तर ते पाणी पावसाचं नाही. आपल्या गल्लीची नाली वरच्या बाजूला चालत गेलात तर कोणत्या पाइपातून धार येते ते दिसतंच. शेजाऱ्याशी भांडण नको असेल तर आधी स्वतःच्या पाइपाची खात्री करून घ्या.

जोडणी चुकीची निघाली तर घरच्या प्लंबरकडून रस्ता फोडून घेऊ नका. महापालिकेच्या झोन कार्यालयात मलनिस्सारण जोडणीसाठी अर्ज द्या. जोडणी झाली की जुना पाइप सिमेंटने कायमचा बंद करा. बरेच जण तो "असू द्या, कामी येईल" म्हणून उघडा ठेवतात आणि गडर तुंबली की पाणी पुन्हा जुन्याच वाटेने जातं.

तेल मोरीत नको

सावजी रस्सा आणि तर्री पोह्यांच्या गावात ही गोष्ट वेगळी सांगावी लागते. गरम असताना तेल पाण्याबरोबर वाहून जातं, पुढे चेंबरमध्ये थंड होऊन घट्ट बसतं, त्यावर केस आणि कापड अडकतं आणि लाइन तुंबते. एसटीपीत पोचलं तर जिवाणूंवर तेलाचा थर चढतो आणि त्यांना हवा मिळत नाही. घरी कढईतलं उरलेलं तेल रद्दीच्या कागदाने पुसून कचऱ्यात टाका, एवढं पुरतं.

भोजनालय, मेस किंवा लॉन चालवत असाल तर ग्रीस ट्रॅप लागतोच. साध्या दोन-तीन कप्प्यांच्या टाकीत पाणी वीसेक मिनिटं थांबलं की तेल वर येतं, गाळ खाली बसतो आणि मधलं पाणी टी पाइपने पुढे जातं. वरचं तेल आणि खालचा गाळ मिळून टाकीच्या खोलीच्या पाव भागाएवढे झाले की उपसायचं. चालू भोजनालयात ही वेळ आठवडाभरातही येऊ शकते. तळणाचं जुनं तेल बायोडिझेलसाठी घेणारे परवानाधारक असतात, त्यांना द्या.

फिनाइल, अॅसिड आणि ड्रेन क्लीनरचा हात आखडता घ्या. सॅनिटरी पॅड, डायपर आणि "फ्लश करता येतात" असं लिहिलेले ओले वाइप्स संडासात टाकू नयेत. स्कीममधल्या पंपात अडकलेल्या वस्तूंत मला तरी सगळ्यात जास्त हेच दिसले आहेत.

सेप्टिक टँक: बांधला आणि विसरला

बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा या भागात घरं आधी आली आणि गडर लाइन मागून. जिथे ती अजून दारात नाही तिथे सेप्टिक टँक हाच आधार आहे. पाच माणसांच्या घराला भारतीय मानकाप्रमाणे आतून साधारण १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली असलेली टाकी पुरते. आपल्याकडे गवंडी त्याच्या दुप्पट बांधतात आणि मालक म्हणतो, "वीस वर्षं उपसायची गरज नाही." हा अभिमानाचा विषय नाही. टाकी गाळाने भरली की पाण्याला आत थांबायला जागा राहत नाही, मैला जसाच्या तसा बाहेर जातो. टाकी "भरत नाही" म्हणजे ती कुठेतरी गळते आहे किंवा नालीत रिकामी होते आहे.

दर वर्षी एकदा तपासा. लांब काठीला खालच्या टोकाला जुना पांढरा टॉवेल गुंडाळा, हळूच तळापर्यंत घाला, काही मिनिटं थांबून बाहेर काढा. काळा डाग जिथपर्यंत चढला तिथपर्यंत गाळ. खोलीच्या एक तृतीयांशावर गेला की उपसायची वेळ झाली. साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. गाडीवाल्याला दोन गोष्टी सांगा: तळाशी थोडा गाळ राहू दे, कारण पुढचं काम त्यातले जिवाणूच सुरू करतात, आणि मैला कुठे रिकामा करणार ते पावतीवर लिही. शेतात किंवा नाल्यात ओतला तर तुम्ही पैसे देऊन मैला फक्त दोन किलोमीटर पुढे सरकवला.

टाकीत माणूस उतरवायचा नाही. सेप्टिक टँक आणि गडरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय अशी सफाई करून घेणं गुन्हा आहे, आणि तो करून घेणाऱ्यावर लागतो, म्हणजे मालकावर आणि कमिटीवर. यांत्रिक सफाईसाठी १४४२० ही हेल्पलाइन आहे. स्कीमच्या एसटीपीच्या टाक्यांनाही हाच नियम.

टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. सेप्टिक टँक मैल्याचा भार फार तर निम्म्याने कमी करतो. उरलेलं काम जमिनीने करायचं, म्हणून शोषखड्डा. इथे नागपूरची जमीन आडवी येते. शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, पूर्वेकडचा जुन्या ग्नाइस खडकावर, आणि दोन्हीकडे बऱ्याच ठिकाणी वर काळी चिकण माती. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून पाण्याला वाटच देत नाही. म्हणून शोषखड्डा खणण्याआधी जमीन पारखा. त्याच खोलीवर हातभर खड्डा करा, रात्रभर पाण्याने भिजत ठेवा, सकाळी १५ सेंटीमीटर पाणी भरा आणि २.५ सेंटीमीटर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर उथळ आणि लांब चर बरा. त्याहून जास्त लागत असेल तर शोषखड्ड्यावर पैसे घालू नका. विहीर किंवा बोअर शोषखड्ड्यापासून किमान १८ मीटर दूर हवी.

काळ्या मातीवर माझी पसंती कर्दळीच्या वाफ्याला. तळाला जाड प्लास्टिक किंवा सिमेंट, त्यावर ६० सेंटीमीटर गिट्टी, त्यात कर्दळ आणि पाणगवत. पाणी गिट्टीच्या वरच्या थराखालूनच वाहिलं पाहिजे, म्हणजे डासही नाहीत आणि वासही नाही. माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा लागते. याच तत्त्वावरचं फायटोरिड तंत्र आपल्या वर्धा रोडवरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केलं आहे. ले-आऊटच्या मोकळ्या जागेत दहा घरांनी मिळून ते केलं तर खर्चही वाटला जातो.

आसपास सेप्टिक टँक असतील आणि घरी विहिरीचं पाणी पीत असाल तर वर्षातून एकदा नायट्रेट आणि कॉलिफॉर्म (मैल्याची खूण देणारे जिवाणू) तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेट उकळून जात नाही.

एसटीपी: आधी हिशेब करा

समजा स्कीममध्ये १२० फ्लॅट आहेत आणि घरटी चार माणसं. म्हणजे ४८० माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला सुमारे ६५ हजार लिटर पाणी. त्याचे ८० टक्के सांडपाणी होतं: अंदाजे ५२ हजार लिटर. तुमच्या एसटीपीवर ६० केएलडी (दिवसाला ६० हजार लिटर) लिहिलं असेल तर ठीक, ३० लिहिलं असेल तर कुठलाही ऑपरेटर ते पाणी शुद्ध करू शकणार नाही. निम्मे फ्लॅट रिकामे असतील तर उलटी अडचण येते, जिवाणूंना पुरेसं खाद्य मिळत नाही.

घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला साधारण २५० मिलिग्रॅम असतो. ५२ हजार लिटरमागे हा १३ किलो ऑक्सिजनचा भार झाला. तीस अंश तापमानाच्या स्वच्छ नदीच्या एका लिटरात साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. म्हणजे तुमच्या एका स्कीमचं एका दिवसाचं न शुद्ध केलेलं पाणी सुमारे १७ लाख लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतं. हेच पाणी १० मिलिग्रॅमपर्यंत आणून सोडलं तर भार अर्ध्या किलोवर येतो. ब्लोअरचं, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राचं, वीजबिल जास्त वाटलं की सभेत हा आकडा सांगा.

मर्यादा कोणती धरायची यावर गोंधळ असतो. २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत काही महानगरांसाठी बीओडी २० आणि इतरांसाठी ३० होता, २०१९ मध्ये हरित लवादाने मोठ्या शहरांसाठी १० सांगितला. तुम्ही वाद घालत बसू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तुमच्या स्कीमसाठी जो आकडा छापला आहे तोच तुमचा. संमतीपत्र बिल्डरकडून हस्तांतराच्या वेळीच मागून घ्या, सोबत टाक्यांचे नकाशे, पाइपांची मांडणी, यंत्रांची वॉरंटी आणि पर्यावरण मंजुरी असेल तर तिची प्रत. बांधकाम २० हजार चौरस मीटरवर असेल तर ती मंजुरी असायलाच हवी. कागद मिळाल्याशिवाय एसटीपी ताब्यात घेऊ नका.

रोजची पाच मिनिटं

एमबीबीआर, एसबीआर, एक्स्टेंडेड एअरेशन अशी नावं वेगळी असली तरी आतलं काम जिवाणूच करतात. त्यांना हवा द्यायची, वाढलेले जिवाणू वेळच्या वेळी काढायचे आणि उरलेले पाण्यापासून वेगळे बसवायचे. बंद पडलेल्या बहुतेक एसटीपींत यंत्र बिघडलेलं नसतं, हवा आणि गाळ या दोघांकडे कुणी बघितलेलं नसतं. कमिटीतल्या एकाने रोज खाली जाऊन हे बघावं.

पहिलं, एअरेशन टँकचा (हवा सोडायच्या टाकीचा) रंग आणि वास. चॉकलेटी तपकिरी रंग आणि ओल्या मातीचा वास असला तर चांगलं. काळसर रंग आणि सडका वास आला तर हवा कमी पडते आहे. हवेचे बुडबुडे एकाच कोपऱ्यात उसळत असतील आणि बाकी टाकी शांत असेल तर डिफ्यूझर (तळाशी हवा सोडणारे भाग) चोंदले किंवा फुटले आहेत. पांढरा, साबणासारखा फेस नव्या किंवा नुकत्या सावरलेल्या टाकीत येतोच. तपकिरी, चिकट, साय धरलेला फेस गाळ जुना झाल्याचं किंवा तेल फार येत असल्याचं सांगतो.

दुसरं, एक लिटरच्या मापाची चाचणी. काचेचं किंवा प्लास्टिकचं एक लिटरचं मापपात्र एअरेशन टँकच्या पाण्याने भरा आणि अर्धा तास हलवू नका. खाली बसलेला गाळ किती मिलिलिटरवर आहे ते वाचा. एक्स्टेंडेड एअरेशनमध्ये ३०० ते ५०० च्या दरम्यान असला आणि वरचं पाणी नितळ असलं तर छान. ७०० च्या वर गेला तर गाळ काढायला उशीर झाला आहे किंवा तो फुगला आहे. १०० च्या खाली असेल तर जिवाणू कमी आहेत. एमबीबीआरमध्ये जिवाणू प्लास्टिकच्या चकत्यांवर असतात म्हणून तिथे हा आकडा मुळातच कमी येतो. तो इतर स्कीमशी न ताडता आपल्याच मागच्या महिन्याशी ताडा. महिन्यातून एकदा लॅबकडून एमएलएसएस, म्हणजे टाकीच्या एका लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम गाळ आहे तो आकडा, काढून घ्या. मापपात्राचा आकडा ३५० आणि एमएलएसएस ३,५०० असेल तर एका ग्रॅम गाळाने १०० मिलिलिटर जागा घेतली. हा आकडा १५० च्या वर जाऊ लागला की गाळ नीट बसत नाही.

तिसरं, वीज मीटर. एसटीपीला वेगळा सब-मीटर बसवून घ्या, नसेल तर पुढच्या महिन्याच्या खर्चात पहिलं कलम तेच असू द्या. पाच एचपीचा, म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅटचा ब्लोअर २० तास चालला तर ७० च्या आसपास युनिट पडायला हवीत. मीटर ३० दाखवत असेल तर लॉगबुकात काहीही लिहिलेलं असलं तरी ब्लोअर रात्री बंद होता. ऑपरेटरवर ओरडण्याआधी, तो कुणाच्या सांगण्यावरून बंद केला ते विचारा. बऱ्याचदा "आवाज येतो" म्हणून तक्रार करणारं घर पहिल्या मजल्यावर असतं. त्यावर ध्वनिरोधक कव्हर बसवणं हा उपाय आहे. हवा बंद झाल्यावर काही तासांतच टाकी सडायला लागते, म्हणून लिफ्टबरोबर ब्लोअरही जनरेटरवर घ्या.

चौथं, बाहेर जाणाऱ्या पाण्याचं मीटर आणि बायपासचा व्हॉल्व्ह. कलेक्शन टँकपासून (सांडपाणी आधी साचतं त्या टाकीपासून) नालीकडे जाणारी एक वाट बहुतेक एसटीपींत असते, अडीअडचणीला म्हणून. तिला कुलूप लावा, किल्ली सेक्रेटरीकडे ठेवा, आणि उघडली तर तारीख, वेळ आणि कारण लिहा.

गाळ काढणं

हेच काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. वरच्या उदाहरणात रोज साधारण पाच किलो कोरडा गाळ तयार होतो. तो एक टक्का घट्टपणाने काढला तर रोजचे पाचशे लिटर पातळ गाळ झाला. "आमच्याकडे गाळ होतच नाही" असं कंत्राटदार सांगत असेल तर तो गाळ जातो कुठे ते रात्री अकरा वाजता आउटलेटवर जाऊन बघा.

नागपूरच्या उन्हाचा इथे फायदा घ्या. गिट्टी-रेतीच्या वाळवण वाफ्यावर मार्च ते जूनमध्ये गाळ फार लवकर वाळतो. पावसाळ्यात वाफा चालत नाही, तेव्हा छत घाला किंवा फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र) वापरा. वाळलेला गाळ तसाच बागेत टाकू नका. त्यात जंतांची अंडी जिवंत राहतात. पाला आणि ओल्या कचऱ्याबरोबर कंपोस्ट करा, ढीग आतून चांगला तापू द्या, मग झाडांना घाला, भाजीला नको.

क्लोरीन, फिल्टर आणि नमुना

सोडियम हायपो (क्लोरीनचं द्रावण) मोठ्या कॅनमध्ये स्वस्त पडतो, पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला तर त्याची ताकद झपाट्याने उतरते. थोडा थोडा घ्या, सावलीत ठेवा. ५० हजार लिटरला लिटरमागे ५ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर १० टक्क्यांचा अडीच लिटर हायपो लागतो. पाण्याशी अर्धा तास संपर्क झाल्यावर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. स्विमिंग पूलवाल्यांकडे मिळणाऱ्या किटवर हे कळतं. भरपूर हायपो घालूनही काहीच शिल्लक राहत नसेल तर पाण्यात अमोनिया उरला आहे आणि दोष क्लोरीनचा नसून मागच्या हवेचा आहे. थंडीत, रात्री तापमान दहाच्या खाली जातं त्या दिवसांत, अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात. तेव्हा गाळ थोडा कमी काढा, टाकीत जिवाणू जास्त राहू द्या.

वाळूच्या आणि कार्बनच्या फिल्टरचं बॅकवॉश पाणी (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्यावर निघणारं) कलेक्शन टँकमध्ये परत गेलं पाहिजे. ते नालीत सोडलेलं मी बरेचदा बघितलं आहे. दिवसभर अडवलेली घाण पाच मिनिटांत नदीला.

नमुना कंत्राटदाराने बाटलीत भरून लॅबला नेऊ नये. एनएबीएल मान्यतेच्या लॅबचा माणूस बोलवा, सकाळी आठ ते दहाच्या गर्दीच्या वेळी, आधी न सांगता. येणारं आणि जाणारं दोन्ही पाणी घ्या. बीओडी, सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज), टीएसएस (पाण्यात तरंगणारे कण), पीएच, अमोनिया, फॉस्फेट, फीकल कॉलिफॉर्म एवढं पुरे. कॉलिफॉर्मची बाटली निर्जंतुक हवी, बर्फात ठेवलेली हवी आणि त्याच दिवशी लॅबमध्ये पोचली पाहिजे. येणाऱ्या पाण्याचा बीओडी ४० आणि जाणाऱ्याचा ८ असा अहवाल आला तर खूष होऊ नका. येणारं पाणी इतकं पातळ कसं? बहुधा पावसाचं किंवा टाकी ओव्हरफ्लोचं पाणी गडरमध्ये शिरतं आहे.

बीओडी १० आला तरी काम उरतंच

कागदावर उत्तम दिसणाऱ्या पाण्यातही नायट्रोजन आणि फॉस्फरस राहतात, कारण बहुतेक छोट्या एसटीपींची रचना ते काढण्यासाठी नसतेच. वाहत्या नदीत ते लगेच डोळ्यांवर येत नाही. गोसेखुर्दसारख्या साचलेल्या पाण्यात हेच जलपर्णीचं खत होतं. पानांचा थर पसरला की खाली उजेड जात नाही, पहाटे ऑक्सिजन खाली येतो, मासे मरतात, आणि धीवरांचं जाळं मासोळीऐवजी जलपर्णीत अडकतं. भंडारा शहरही याच वैनगंगेच्या काठावर आहे.

म्हणून शुद्ध केलेलं पाणीही शक्य तितकं नदीत सोडूच नका. जे नदीला खत आहे तेच बागेला खत आहे. फ्लशला वेगळी लाइन असेल तर सुमारे एक तृतीयांश पाणी तिथेच संपतं. उरलेलं बागेला ठिबकने द्या, फवाऱ्याने नको. रस्त्यावर शिंपडायला आणि बांधकामाला पाणी मागणारे उन्हाळ्यात सापडतातच. फ्लशच्या लाइनचा रंग वेगळा ठेवा आणि तिच्यावर एकही नळ देऊ नका; कामवाली, माळी, लहान मूल, कुणीही पिऊ शकतं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी कमी पडलं की "कूलरमध्ये एसटीपीचं पाणी भरू" असं कुणीतरी सुचवतंच. मुळीच नाही. कूलर पाण्याचे सूक्ष्म तुषार थेट श्वासात ढकलतो, आणि त्यातले जंतूही.

पावसाळ्याआधी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नागनदी घराघरांत शिरली. ज्यांच्या तळघरात एसटीपी होता त्यांचे ब्लोअर आणि पॅनेल त्या पाण्यात गेले. मे अखेरीस तीन कामं करून घ्या. विजेचं पॅनेल जमिनीपासून उंच, छातीच्या वर बसवा. गच्चीचे पाइप गडरच्या चेंबरला जोडले असतील तर तोडून पुनर्भरणाच्या खड्ड्याकडे वळवा. एका मोठ्या पावसात त्या पाण्याने टाकीतले सगळे जिवाणू वाहून जातात आणि एसटीपी पूर्वपदावर यायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाला एकदिशा झडप लावा, म्हणजे नाली फुगली की पाणी उलटं आत येणार नाही.

कंत्राट आणि तक्रार

देखभालीच्या कंत्राटात "एसटीपी चालू ठेवणे" असं एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी बीओडी, टीएसएस आणि कॉलिफॉर्मचे आकडे लिहा, गाळाचं मासिक वजन लिहा, अचानक नमुन्याचा हक्क लिहा आणि आकडा चुकला तर किती रक्कम कापणार ते लिहा. ऑपरेटरला गमबूट, हातमोजे, धनुर्वाताची लस आणि रोज बसायला खुर्ची देण्याचं कलमही घाला. सगळ्यात कमी दराचं कंत्राट घेतलं तर वीज, हायपो आणि गाळ या तिन्हीत काटछाट होणार हे धरूनच चाला.

दुसऱ्या कुणाचं सांडपाणी नदीत पडताना दिसलं तर पंचशील चौक, अशोक चौक किंवा पारडीच्या पुलावरून काढलेला नुसता फोटो पुरत नाही. पाइपाचं तोंड, त्याच्यावरची आणि खालची नदी असे तीन फोटो घ्या, ठिकाण आणि वेळ फोटोतच उमटू द्या, आणि वेगवेगळ्या दिवशी त्याच वेळी परत घ्या. तक्रार महापालिकेच्या झोनला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयाला एकाच दिवशी द्या, दोन्हीकडची पोच घ्या. १९७४ चा जलप्रदूषण कायदा मंडळाला नमुना घेण्याचा आणि कारवाईचा अधिकार देतो, पण कायद्यात चालणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने घेतलेलाच असतो. तुमच्या बाटलीतला नाही. म्हणून अर्जात "अमुक पाइपाचा नमुना सकाळी आठ ते दहा या वेळेत घ्यावा" असं नेमकं मागा. महिनाभरात काही झालं नाही तर माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: त्या जागेच्या संमतीपत्राची प्रत, मागच्या वर्षभराचे नमुना अहवाल आणि तुमच्या तक्रारीवरची टिपणी.